तीनशेत एकदा चुकणारी चाचणी

ताईंना लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. पगाराची नोकरी सांभाळून त्या दहा वर्षं एक रनटाइम, म्हणजे इतर प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम, सांभाळत होत्या, फुकट आणि सगळ्या जगासाठी खुला. काम सांगायला सोपं: वेबअसेंब्ली नावाच्या संगणकी भाषेत बांधलेला कुणाचाही अनोळखी प्रोग्रॅम बंद खोलीत चालवायचा, आणि शेजारच्या खोलीत त्याला डोकावू द्यायचं नाही. जोडीला मास्तर होते. कधीकाळी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. दोघं प्रत्यक्ष कधीच भेटले नाहीत, पण एकमेकांच्या कोडमधल्या चुका काढता काढता सख्ख्या बहीणभावासारखे भांडायला शिकले होते.

जिव्हारी लागलं ते भांडण खोल्यांच्या भिंती पक्क्या आहेत का हे तपासणाऱ्या एका चाचणीवरून झालं. ती तीनशेत एकदा नापास व्हायची. लाल खूण आली की ताई 'पुन्हा चालवा' दाबायच्या. हिरवी आली की सुटल्या.

मास्तरांनी लिहिलं, "ताई, चाचणी लहरी नाही. दोन प्रोग्रॅम एकदम सुरू झाले की भिंतीला फट पडतेय." सोबत सात ओळींची दुरुस्तीही पाठवली.

नवी आवृत्ती चार दिवसांवर आली होती. ताईंनी 'गरज नाही' असा शेरा मारून दुरुस्ती नाकारली आणि चाचणी वगळायच्या यादीत टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मास्तरांचं उत्तर आलं, "बरं." त्यानंतर ते फिरकलेच नाहीत.

दोन वर्षांनी एका परक्या बाईंनी पुराव्यासकट कळवलं, की फट खरी आहे. ताईंनी घरी बसून तीच चाचणी पुन्हा पुन्हा चालवली. दोनशे एक्काहत्तराव्या खेपेला एका प्रोग्रॅमच्या हाती दुसऱ्याचा पासवर्ड लागला.

त्यांचे वडील निवृत्त होईपर्यंत दुकानांतले वजनकाटे तपासत असत. जेवताना ताईंनी विचारलं, "बाबा, तीनशेत एकदाच चुकणारा काटा सापडला तर?"

"जप्त."

"आणि दुकानदार म्हणाला, एरवी बरोबर असतो?"

"अगं, सगळेच तसं म्हणायचे."

ताई तशाच ताटावरून उठल्या. त्यांनी मास्तरांच्या जुन्या सात ओळी लावून चाचणी दहा हजार वेळा चालवली. एकदाही नापास नाही. मग सगळा मान गिळून पत्र लिहिलं: "मास्तर, चूक माझी होती. दुरुस्ती तुमच्या नावाने लावते. परत या." फट बुजली होती, पण ताईंचा जीव त्या शेवटच्या दोन शब्दांत अडकला होता.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "ताई, ओळी खुशाल वापरा. माझं नाव मात्र कुठेही येऊ देऊ नका. त्या कामाची आठवणसुद्धा नको वाटते."

ताई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडल्या. मग दुरुस्ती स्वतःच्या नावाने लावली, आणि खाली स्वच्छ लिहिलं, की चाचणी मीच वगळली होती आणि या ओळी माझ्या नाहीत.

दिवसभर अभिनंदनं येत राहिली. किती प्रामाणिक, किती नेमकं काम! कुणीतरी विचारलं, "मग ओळी कुणाच्या?" ताईंनी नाव टाइप केलं, पुसलं, आणि 'सांगता येत नाही' एवढंच लिहिलं.

लोकांना तो विनय वाटला. त्यांनी आणखी कौतुक केलं.