हत्यार: उजवा पाय

वकिलाच्या ऑफिसात फायलींवर धूळ साचते आणि धुळीखाली किस्से. कलकत्त्यातच जन्मलेले आमचे सीनियर बर्वेकाका म्हणतात, "सांग, पण आवाज चढवू नकोस." प्रयत्न करतो.

*

बागबाजारच्या मासिमा, म्हणजे मावशी, नवऱ्याच्या जुन्या खटल्याचा निकाल घेऊन आल्या. अनादीबाबू फुटबॉलपटू, क्लबचे कॅप्टन. इंग्रजांच्या काळात गोऱ्या टीमशी मॅच होती. एका चेंडूवर दोघं धावले, साहेबाची नडगी मोडली. अनादीबाबूंना सहा महिने सक्तमजुरी. निकालात लिहिलं होतं, 'हत्यार: उजवा पाय.'

साहेबाच्या पायात बूट होते. अनादीबाबू अनवाणी खेळत. त्याच बुटाखाली त्यांची दोन बोटं मोडली, तो मात्र खेळाचा भाग!

*

क्लबात कॅप्टनांच्या नावांचा बोर्ड आहे. शिक्षा झालेल्याचं नाव तिथे चालत नाही, म्हणून अनादीबाबूंच्या वर्षापुढे नुसता काळा रंग. ते वारले तेव्हाही तसाच. स्वराज्य आल्यावर मासिमांनी सेक्रेटरींना विचारलं. ते वहिनीच्या मानानं म्हणाले, "बौदी, पेंटर तयार आहे. तेवढा माफीचा सरकारी कागद आणा."

*

मी सरकारी ऑफिसात गेलो. हेडक्लार्कनं माझं आडनाव वाचलं.

"मराठी? आमच्याकडे अजून तुमच्या जुन्या स्वाऱ्यांची भीती घालून पोरांना झोपवतात. या वेळी काय लुटायचंय?"

"एक माफी."

"अर्जदार कुठाय?"

"वारले."

"मग आता कसली शिक्षा चालू आहे?"

"बोर्डावरची."

*

अर्जाला सुटकेनंतरच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. दारोगानं रजिस्टर न उघडताच लिहून दिला, "गेल्या तीन वर्षांत अर्जदाराविरुद्ध एकही तक्रार नाही." अनादीबाबूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

*

फिर्यादीची हरकत नसल्याचं पत्रही हवं. साहेब कधीच विलायतेला गेलेला. "पत्ता शोधा," हेडक्लार्क म्हणाला.

मी म्हणालो, "आपण अख्खं राज्य परत घेतलं, तेव्हा त्यांची हरकत विचारली होती?"

या वेळी सोबत आलेल्या बर्वेकाकांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. तेही बूट घालतात.

*

शेवटी मोठे अधिकारी मऊ झाले. पत्राशिवाय चालेल म्हणाले. मात्र माफी हवी तर आधी गुन्हा कबूल हवा. नवऱ्याच्या वतीनं मासिमांनी तसं लिहायचं, सही करायची. आठवड्यात बोर्डावर नाव.

बर्वेकाका हळूच म्हणाले, "मासिमा, एकच ओळ आहे."

मासिमांनी अर्जाचा कोरा फॉर्म मागून घेतला आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो त्यांनी स्वतः अधिकाऱ्यांपुढे ठेवला. सुवाच्य बंगाली अक्षर. अर्जदार: सरकार. गुन्हा: निरपराध माणसाला सहा महिने कोंडणं. हत्यार: उजवा हात, सहीचा.

'त्यानंतरची वर्तणूक' हा रकाना कोरा होता.

"हे राहिलं," अधिकारी म्हणाले.

"ते तुम्ही भरा, बाबा," मासिमा म्हणाल्या आणि पेन पुढे केलं.