कुठली छाती दुखते, बोट ठेव

सगळे म्हणतात माझी ताई दुःखानं गेली. खोटं आहे. ताई गाठीनं गेली.

तिचं नाव ओक-बुन. कोरियातल्या थोंग्योंगच्या बंदरावर कालवं फोडायच्या शेडमध्ये आम्ही दोघी तीस वर्षं शेजारी उभ्या राहिलो. दाजी समुद्रात बुडून गेले त्या वर्षी ती म्हणायला लागली, छाती दुखते गं. आमच्या भाषेत मन, छाती आणि बाईची छाती, सगळ्याला एकच शब्द, कासुम. सगळ्यांनी मनच ऐकलं. मी पण.

तिची सासू म्हणाली, "नवरा गेल्यावर दुखायचंच. मला नव्हतं दुखलं?"

शेडमधली चुम-रे म्हणाली, "कोंडलेला राग आहे तो. दिराला चार शिव्या घाल, मोकळी होशील."

आम्ही हसलो. ताई पण हसली, डावीकडं हात धरून.

वैद्यानं नाडी बघितली, रागाचा आजार म्हणाला, काढा दिला. नेमकं कुठं ते त्यानं विचारलं नाही, आणि पुरुषमाणसाला तिनं सांगितलं नाही. आठ महिने काढा प्याली.

मग एक दिवस सार्वजनिक न्हाणीत मी तिची पाठ घासून दिली, ती वळली. डावीकडची कातडी संत्र्याच्या सालीसारखी, बोंड आत ओढलेलं.

"ही कधीपासून अशी?"

"हीच तर दुखते म्हणत होते."

हीच.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं ताईची गाठ पसरलीय असं सांगितलं, मग मला म्हणाली, "दुखलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. बहुतेक बायकांना पाळीच्या आधी दुखतं, कुणाला घट्ट ब्रामुळं, कुणाचा हात चालवून स्नायू धरतो. नीट बसणारी ब्रा, शेक, साधी गोळी, एवढ्यानं भागतं. पण एकाच जागी दुखत राहिलं, गाठ लागली, कातडी बदलली, तर थांबायचं नाही."

एवढंच होतं. आठ महिन्यांत एवढं सांगणारं कुणी नव्हतं. आम्ही मेल्या तिला दिराला शिव्या घालायला शिकवत होतो.

वर्षश्राद्धाला सासू परत म्हणाली, "पोरीनं मनाला लावून घेतलं."

मी सूपचा वाडगा खाली ठेवला. "मावशी, मनाला नव्हतं लागलं. इथं लागलं होतं," म्हणत छातीवर हात ठेवून दाखवला. पुरुष ताटात बघायला लागले. बघा म्हटलं, ताटातच बघा.

परवा चुम-रेनं सुरी खाली ठेवली. "कासुम दुखतं बाई आज."

"कुठलं? बोट ठेव."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिनं ठेवलं. उजवीकडं, काखेजवळ. मी एप्रन सोडला आणि म्हटलं, चल.