पालखीच्या दिवशी देवीचे डोळे

माझी विहीण माझा फोन उचलत नाही. मेसेज वाचते, निळ्या टिक्स दिसतात, उत्तर मात्र नाही. वयाने मोठ्या बाईला असं वागवतात का?

असो. राम राम मंडळी. जासईच्या पुढे माझी लेक दिलीय, तिथल्या गावदेवीच्या पालखीला जाऊन आले. कोणाला जायचं असेल तर पनवेलहून उरणची सकाळची बस धरा. उन्हाचं निघाल तर बस बंदराच्या कंटेनर-ट्रेलरांच्या मागे उभी राहते आणि आत आपली भाकरी भाजते. मी उन्हाचीच निघाले. हॉटेल शोधू नका, तिथे पाहुण्याला उपाशी सोडत नाहीत. खर्च काय तो तिकिटाचा आणि ओटीच्या नारळाचा.

देवळात पुजारणीने देवीच्या अंगावरचा हार ओढून काढला आणि माझ्या ओटीत घातला. बाहेरून आलेल्या विहिणीचा तो मान. देवीला लगेच नवा हार चढवला, तिचं तोंड फुलांनी झाकलं. मी माझा हार पिशवीत ठेवला.

पालखी निघायच्या वेळी फुलं बाजूला केली, तर देवीचे चांदीचे डोळे गायब.

तिथे राखणदाराची गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. देवीचं कोणी नेलं तर राखणदार त्याचे पाय सुजवतो. मी टीव्हीवर रोज खुनाचे तपास बघते, चोर आधी मीच ओळखते. तेव्हा चौकशी माझ्याकडेच आली, म्हणजे मीच घेतली. सकाळपासून गाभाऱ्यात गेलं कोण? पुजारीण, मी, आणि झाडायला गेलेली रेश्मा, माझ्या लेकीची धाकटी जाऊ. ती कोपऱ्यात पाय साडीखाली ओढून बसली होती.

मी म्हटलं, "रेश्मा, पाय दाखव."

ती हलली नाही. मीच साडी वर केली. घोटे टम्म सुजलेले.

"मावशी, मी गोदामात दिवसभर उबी असते. रोजच सुजतात."

"मग लपवतेस कशाला?"

"आईंना कळलं तर काम सोडायला लावतील."

हे सगळ्यांनी ऐकलं आणि कोणीच ऐकलं नाही. माझ्या विहिणीने तिला पालखीला हात लावू दिला नाही. देवी तोंड झाकूनच गावात फिरली, रेश्मा पायरीवर बसून राहिली. आणि मी पोटभर जेवले. तपास लावला म्हणून बायका मला आग्रहाने वाढत होत्या, मी नाही म्हटलं नाही.

परत येताना बस पुन्हा ट्रेलरांच्या मागे. विचुंब्याला घरी पोचले तर चप्पल पायातून निघेना. हार तुळशीत ठेवावा म्हणून पिशवी उघडली. झेंडूची फुलं एकमेकांना चिकटून गोळा झालेली. सोडवायला गेले, आतून डोळा माझ्याकडे बघत होता. दुसरा त्याच्याखाली. डोळे मेणाने बसवलेले होते. गाभाऱ्यातल्या उकाड्याने मेण सैल झालं, हाराबरोबर तेही माझ्या ओटीत आले.

पाय बसने आणि उन्हाने सुजतात, एवढं मला कळतं. तरी सून पाणी घेऊन आली तेव्हा मी पाय साडीखाली ओढून घेतले. तेव्हा रेश्मा आठवली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

विहिणीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "ताई, डोळे गपचूप पाठवा. कोनाड्यात सापडले सांगू. तुमची पन अब्रू राहील, आमची पन."

"आणि रेश्माची?"

"तिचं काय, लोक विसरतील."

नाही विसरत. कोनाड्यात सापडले म्हटलं की भिऊन तिनेच ठेवले म्हणतील. मी नाही म्हटलं, तेव्हापासून बोलणं बंद.

म्हणून इथे लिहिते, लेक विहिणीला वाचून दाखवील. रविवारी डोळे घेऊन मी येतेय, सकाळच्या बसने. पालखीला होते तेवढे सगळे देवळात या. काय विचारायचं ते मला विचारा, उत्तर मी देणार. रेश्माला कोणी एक शब्द विचारायचा नाही.