पायलच्या प्रगतीपत्रकातली एक ओळ

यंदा एक मेला आमच्या शाळेत निकाल वाटला... आणि लेकरांसोबत माझाही लागला.

कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. पाचवीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली आणि पाचवी माझ्याकडे एकाच खोलीत, बाकीचे वर्ग सरांकडे.

वर्ष तसं छान गेलं. बोअरला शेवटपर्यंत पाणी टिकलं. स्नेहसंमेलनात स्पीकर ऐनवेळी रुसला, तर लेकरं स्वतःच गाणं म्हणत नाचली... फोटो तुम्ही पाहिलेच आहेत.

राहिली होती प्रगतीपत्रकं. शिक्षक मित्रमैत्रिणींना वेगळं सांगायला नको... वर्णनात्मक नोंदी! प्रत्येक लेकराबद्दल काहीतरी लिहायचं. त्यासाठी आमच्या ग्रुपवर एक तयार पीडीएफ फिरत असते, सगळ्या स्वभावांच्या ओळी त्यात असतात, आपण फक्त उतरवायच्या.

मीही उतरवल्या. पंख्याखाली, एका बैठकीत. वर स्वतःवरच खूश झाले.

पाचवीतली पायल वर्षभर मागच्या भिंतीला टेकून बसली. काही विचारलं की मान खाली. तिच्यासाठी ओळ लगेच सापडली, 'वर्गात बोलत नाही, अभ्यासात रस कमी.' लिहिली आणि पुढचं पत्रक घेतलं.

झेंडावंदन झालं, पत्रकं वाटून झाली. पायलचे वडील वसंतभाऊ हळदीच्या कामावरून थेट आले होते, हात कोपरापर्यंत पिवळे. सातवी शिकलेला माणूस... ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचत होते.

पाचवीनंतर आमच्या लेकरांना सहावीसाठी कळमनुरीला जावं लागतं, रोज ऑटोनं. पायलला पाठवायचं की नाही, हे तिच्या घरी ठरत नव्हतं. आणि "पोरीला पाठवाच," असा धोशा वर्षभर मीच लावला होता.

वसंतभाऊंनी मान वर केली. "मॅडम, तुमीच लिवलं ना, पोरीला रस न्हाई म्हणून? मंग काहून पाठवावं? राहू द्या घरी, आईला मदत व्हईल तिच्या."

चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

तेवढ्यात माझं लक्ष व्हरांड्याकडे गेलं. पहिलीची लेकरं आपापली पत्रकं घेऊन माझ्याकडे यायचं सोडून पायलकडे गेली होती. ती मधोमध बसून एकेकाचं पत्रक वाचत होती आणि त्यांच्या बोलीत, गोरमाटीत, समजावून सांगत होती. हातवारे करून, हसून, एकीच्या पाठीत धपाटा घालून...

एवढी बोलणारी मुलगी माझ्या वर्गात होती?

होती की! मग एकेक आठवायला लागलं. जूनमध्ये मी चित्र दाखवून पहिलीपुढे "आई, आई" करत होते आणि लेकरं नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा मागच्या भिंतीकडून हळूच आवाज आला होता, "याडी." त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. सगळी पहिली खुदकन हसली आणि माझ्यामागून म्हणायला लागली.

पुढे वर्षभर हेच चाललं होतं. मी मराठीत सांगायचे आणि पायल ते भिंतीजवळून बारक्यांपर्यंत पोचवायची. पहिली लवकर वाचायला लागली म्हणून सरांनी माझं कौतुक केलं होतं... आणि मी ते गोड मानून घेतलं होतं! लाज वाटली. खरंच वाटली.

मी वसंतभाऊंकडून पत्रक परत मागून घेतलं. शेजारून सर म्हणाले, "मॅडम, खाडाखोड चालत नाही बरं का." म्हटलं, "सर, मग चुकीचं लिहिलेलं चालतं का?" ती ओळ खोडली, बाजूला सही केली आणि खाली लिहिलं, 'पहिलीच्या मुलांना माझ्याबरोबर पायलने शिकवलं. हिला पुढे शिकवा.'

वसंतभाऊंनी पुन्हा बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "मॅडम, आता ह्यातलं बराबर कोनतं समजावं? हे का ते?"

"भाऊ, ते मोबाईल बघून लिहिलं होतं. हे लेकरू बघून लिहिलं."

त्यांनी वळून व्हरांड्याकडे बघितलं. पायलचं लक्षच नव्हतं, तिचा वर्ग सुरू होता. मग पत्रक माझ्यापुढे धरून म्हणाले, "दाखला देऊन टाका मंग. जाईल कळमनुरीला."

त्या ओळीवर त्यांच्या अंगठ्याचा पिवळा डाग पडला होता.

निघताना पायल माझ्याजवळ आली आणि अख्ख्या वर्षात पहिल्यांदा न विचारता माझ्याशी बोलली. "मॅडम, आता पहिलीच्या लेकरायला कोन सांगल?"

म्हणून सध्या सुट्टीत एक दिवसाआड तांड्यावर जाते. वसंतभाऊंच्या ओट्यावर पायल मला गोरमाटी शिकवते आणि मी वहीत उतरवून घेते. तोंडानं म्हणायची वेळ आली की मात्र माझी मान खाली... चुकले तर सगळा ओटा हसतो ना!

काल तिला गमतीनं विचारलं, "माझ्या प्रगतीपत्रकात काय लिहिशील गं?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. थोडा विचार केला आणि म्हणाली, "रस हाय मॅडमला. पन वर्गात बोलत न्हाईत."

शेरा मान्य आहे, पायलबाई... माझ्याकडे बघून दिलात, एवढंच पुष्कळ आहे.