घड्याळाची पेटी

तारापूरच्या खाडीत होड्या घड्याळ बघून येत नाहीत, भरती बघून येतात. आणि भरतीची वेळ रोज पुढे सरकते. होडीवर वाढलेल्या देवूला हे शिकवावं लागलं नव्हतं. पाय अधू झाल्यावर तो, मी हिशेब लिहायचो त्या बर्फाच्या कारखान्यात लागला. तिथी आणि वारा बघून, होडी दिसली की बर्फ फोडायचं यंत्र सुरू करायचा.

"तू तुझ्या माणसांना आधी बर्फ देतोस," असा शेठने आळ घेतला आणि अठ्ठ्याऐंशी साली यंत्राला घड्याळाची पेटी बसवली. यंत्र आता आपोआप सुरू होणार ते फक्त सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. पेटीला कुलूप, किल्ली शेठकडे. देवूने शेजारी बसून नुसती राखण करायची. नोकरी सोडावी, तर या पायाने होडीवर कोण घेणार? अडकला बिचारा. भर दुपारी बायका मासळी घेऊन ओरडत, "देवू, बर्फ काढ!" आणि हा पेटीकडे बोट दाखवी. एकदा कुलपाला हात लावला, तर शेठने त्याला घरी बसवायची धमकी दिली.

काही वर्षांनी पेटी बिघडली. बोईसरचा मेकॅनिक म्हणाला, "हिला अक्कल नाही, काका. ठरवून दिलेलं तेवढंच करते. समोरचं बघून स्वतः ठरवणारी यंत्रं परदेशात बनवतायत म्हणे."

"बघून ठरवनारा मीच होतो ना हितं," देवू म्हणाला. मला शेठचा असा संताप आला!

मेकॅनिक साधं बटण बसवून पेटी बोईसरला घेऊन गेला. शेठचा फोन आला, "पेटी येईपर्यंत तुझ्या अकलेने चालव." देवू खुलला. कितीतरी वर्षांनी मनापासून हसला.

दुसऱ्या दिवशी पुनव. भर दुपारी होड्या खाडीत शिरल्या. देवूची वहिनी काशीबाई भरली टोपली घेऊन दारात उभी. देवूने बटणावर बोट ठेवलं, पण दाबवेना. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मी पुढे झालो, तर त्याने माझा हात झटकला.

"सहा वाजू दे."

"पेटी तर बोईसरला गेली," काशीबाई म्हणाली. "मग आता तुला कोन आडवतो?"

देवूला रडू फुटलं, पण बोट हललं नाही. शेवटी काशीबाई टोपली उचलून निघून गेली, तिच्यामागे बाकीच्याही.

सहाला देवूने बटण दाबलं. बर्फाचा ढीग पडत राहिला. न्यायला कुणी नव्हतं.