पाहुणे जाईपर्यंत

आम्हाला पंपाच्या खोलीत घातलं आणि वॉचमननं बाहेरून कडी लावली. आम्ही पाच बायका, दोन माळी, झाडू, पोछे, बादल्या. कंपनीचे परदेशातले पाहुणे येणार होते. ते जाईपर्यंत आमच्यापैकी कुणी दिसायचं नाही, असा हुकूम होता. फरशी चकचकीत दिसायला हवी, पण ती पुसणारी बाई दिसता कामा नये.

बेंगळुरूत हेब्बाळच्या त्या ऑफिसात मी साफसफाईला होते. ती इमारत उभी राहत होती तेव्हाही मी तिथंच होते, डोक्यावर सिमेंटचं घमेलं घेऊन. नवरा सेंट्रिंगच्या कामावर. आम्ही बीदरकडचे, सीमेवरच्या गावचे. गावात आमची वस्ती ओढ्यापलीकडे. गावच्या हॉटेलात आमचे कप वेगळे, पिऊन झाले की आमचे आम्हीच धुऊन ठेवायचे. मुलगी पोटात असताना आम्ही बेंगळुरूला आलो. इथं उतरल्यावर स्टँडजवळ चहा प्यायला. सगळ्यांच्या ग्लासांतलाच एक ग्लास माझ्या हातात आला. तू कुणाची, असं कुणी विचारलं नाही. ग्लास परत दिला तर पोऱ्यानं तो सगळ्या ग्लासांबरोबरच विसळला. मी बघत उभी राहिले. तेव्हापासून हे शहर माझं. माझी मुलगी इथं जन्मली, कन्नड शाळेत शिकली, शेजारच्या पोरींशी कन्नडमध्येच भांडते.

मॅडम पुण्याच्या. आमच्या सगळ्यांवर त्यांची देखरेख. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्या केवढ्या खूश झाल्या होत्या.

"अय्या, मावशी, तुम्ही मराठी? किती बरं वाटलं! इथे ना घरच्यासारखं वाटतच नाही."

मग काय, मी त्यांचं घर झाले. त्यांच्यासाठी ठेचा करून न्यायचा. ट्रॅफिकचं रडगाणं ऐकायचं, सांबारात गूळ घालतात याचं रडगाणं ऐकायचं. तीन वर्षं राहून बाईंना 'स्वल्प' सोडून कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पण खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले होते. एवढी शिकलेली बाई मला मावशी म्हणते, बायकांत माझी मान ताठ असायची.

सकाळी कोंडलं होतं, दुपार झाली. पंप सुरू झाला की कानठळ्या बसायच्या. मला लघवीला लागली होती. आधी दम धरला, मग पाय आवळून बसले, मग पोटात कळा यायला लागल्या. त्या इमारतीतले सगळे संडास मी घासत होते आणि मला जायला एकही नव्हता.

बाहेर मॅडमचा आवाज आला. मी दार वाजवलं. त्यांनी बोटभर फट केली.

"मॅडम, जरा सोडा की. लई जोरात लागलीय. मागच्या जिन्यानं जाते अन् येते."

"श्श! मावशी, प्लीज. गेस्ट खालीच आहेत. अर्धा तास अ‍ॅडजस्ट करा ना."

"नाही हो धरवत."

त्यांनी माझ्या मागं नजर टाकली. म्हणाल्या, "बादली आहे ना आत? मग?"

कडी पुन्हा लागली. हे त्या मराठीत बोलल्या. वॉचमनला कळू नये म्हणून. ज्या भाषेत ठेचा मागायच्या त्याच भाषेत.

बादली होती. दोन माळीही होते. एक माझ्या बापाच्या वयाचा. त्या दोघांनी काही न सांगता भिंतीकडं तोंडं फिरवली, आणि ते बघून माझा धीरच सुटला. मी उभी होते तशीच भिजले. साडी, पाय, चपला, सगळं. या वयात. माणसांसमोर.

लक्ष्मक्का माझ्यापेक्षा थोरली, जन्मानं इथलीच. तिनं चटकन माझ्या पायांशी पोछा टाकला आणि "पंप गळतोय, पंप गळतोय" असं कन्नडमध्ये मोठमोठ्यानं म्हणायला लागली. कुणालाच ते खरं वाटलं नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या. मला मरून जावंसं वाटलं. खरंच, त्या घटकेला पंपाच्या वायरकडं माझी नजर गेली होती.

मग संताप आला. मी पोछ्याचा दांडा घेतला आणि दारावर हाणायला सुरुवात केली. लक्ष्मक्का हात धरत होती, "बेडा, सुम्मने इरम्मा." नको, गप्प बस. मी थांबले नाही. आवाज पाहुण्यांपर्यंत जाईल या भीतीनं वॉचमननं दार उघडलं.

मागचा जिना डावीकडं होता. मी उजवीकडं वळले.

पुढच्या दालनात फुलांची मोठी रांगोळी होती. त्यावर झेंडूनं लिहिलं होतं, 'नम्म बेंगळुरू'. आमचं बेंगळुरू. पाहुणे फोटो काढत होते. ओली साडी पायाला चिकटत होती, चपला पचपच वाजत होत्या. सगळे वळून बघायला लागले. मॅडमच्या तोंडाचं पाणी पळालं. पाहुण्यांना त्या हसून म्हणाल्या, "सॉरी, शी इज नॉट फ्रॉम हिअर."

एवढं इंग्रजी मला कळतं. ही इथली नाही.

माझ्या तोंडून मराठी निघालीच नाही. मी ओरडले, "नानू इल्लियवळे!" मी इथलीच आहे. टेबलामागच्या पोरीला कळलं, वॉचमनला कळलं. मॅडमना कळलं नाही.

मी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या संडासात गेले. साडीचा घोळ धुतला, पिळला, तोंड धुतलं. सावकाश. मग पुढच्याच दारानं बाहेर पडले.

संध्याकाळी आम्हाला कामाला लावणाऱ्या ठेकेदारानं माझं गेटचं कार्ड काढून घेतलं. हिला घेऊ नका म्हणून त्याच्या सगळ्या ठिकाणी माझं नाव कळवलं. मॅडमचा फोन आला, "मावशी, मी तुम्हाला घरचं मानत होते." मी फोन ठेवून दिला. घरात चूल थंड. हेब्बाळात मला कुणी उभं करेना. नवरा रोज म्हणतो, "चल गावाकडं." कुठल्या गावाकडं? त्या कपांकडं? मी रडले, भांडले, उपाशी झोपले, पण गाडीत बसले नाही.

आता शहराबाहेर होसकोटेला एका गोदामात झाडायला जाते. पहाटे निघते, जाऊन-येऊन अंग मोडून जातं. काल तिथला सुपरवायझर म्हणाला, "उद्या मोठे साहेब बघायला येणार. बायकांनी मागच्या शेडमध्ये थांबायचं, दार लावून."

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्याला सांगितलं, "मी नाही थांबणार."

"मग परवापासून येऊ नकोस."

हे काम गेलं तर पुढं काय, मला माहीत नाही. मुलीची फी आहे, भाडं आहे, नवऱ्याला धड काम नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पण आज साहेबांची गाडी आत येईल तेव्हा मी फाटकासमोर झाडत असेन.