चौदा वर्षांखालील मुली

ती शाळेत आली त्या वर्षी माझी रेड गेली.

कबड्डीच्या संघात मी पाचवीपासून होते. समोरच्यांच्या अंगणात एकटीनं घुसायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत मधल्या रेघेला परत यायचं, हे काम माझं. पुस्तकात त्याला चढाई म्हणतात, आम्ही रेडच म्हणायचो. मी फार भारी होते अशातला भाग नाही. पण आमच्या शाळेत माझ्याहून बरं कुणी नव्हतं आणि तेरा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बाबा सगळ्यांना सांगत फिरायचे, "आमची मेन रेडर आहे." त्यांनी मला निळे नी-पॅड आणून दिले होते. बाकीच्या मुली उघड्या गुडघ्यांनी खेळायच्या, सोलवटून घ्यायच्या, आणि ते बघायला मला आवडायचं.

ती आठवीत आली. तिचं घर डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत. आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, एरवी मिळेल ते काम करायचे. ती कामोठ्याला मावशीकडे राहायची. मावशी बांधकामावर होती, तिथल्याच पत्र्याच्या खोलीतून ही रोज चालत शाळेत यायची. वर्गात तिनं "मी नाय केलं बाई" म्हटलं की मागचे बाक हसायचे. मीही हसायचे. एकदा मधल्या सुट्टीत हसणाऱ्या एका मुलाचा डबा तिनं उचलला, त्यातल्या दोन पोळ्या शांतपणे खाल्ल्या आणि डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. "आता हास," म्हणाली.

पीटीच्या सरांनी तिला मैदानावर आणलं तो दिवस मला नको इतका आठवतो. पाऊस उघडला होता, चिखल होता. सरांनी तिला समोरच्या बाजूला कोपऱ्यात उभं केलं आणि मला रेडला पाठवलं. मी नेहमीसारखी आत शिरले, डाव्या पायानं बोनसची रेघ ओलांडायला गेले, आणि पुढच्या क्षणी माझं तोंड चिखलात होतं. तिनं घोटा धरला होता. नुसता एका हातानं. मी ओढाताण केली, नखं मारली, तिनं सोडलं नाही. माझा दम तुटला तशी ती उठली आणि म्हणाली, "उठ ना. झोपलीस काय?"

सगळ्या हसल्या. सरसुद्धा.

मग ती रेडला आली. आमच्या सातजणींतल्या चौघींना शिवून ती परत गेली, तेही घाई न करता. सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि तसेच उभे राहिले. त्या आठवड्यात मला कोपऱ्यात टाकलं. रेडर ती.

मला तिचा राग आला असं म्हणणं फार सौम्य होईल. सरावात पकड करताना मी तिचे केस ओढायचे, बोटं पिरगाळायचे. तीही काही देवी नव्हती. माझ्या पोटरीवर तिच्या टाचेचे वळ असायचे. आम्ही एकमेकींशी बोलायचो ते फक्त "आऊट" आणि "खोटं बोलू नको", एवढंच.

बाबांना कळल्यावर ते सरांना भेटायला आले. मी पाण्याच्या नळाशी उभी राहून ऐकत होते.

"माझी मुलगी तीन वर्षं रेड करतेय. तिला कोपऱ्यात का उभं केलंत?"

"कोपऱ्यात ती बरी खेळते म्हणून."

"आणि ती दुसरी? आज आली, उद्या आईबापांबरोबर निघून जाईल. तिच्या भरवशावर तुम्ही संघ बांधणार?"

"आज ती आहे ना," सर म्हणाले. "आजचं बघतोय मी."

घरी आल्यावर बाबा बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. ते ऑफिसात कारकून होते. कुठल्या कागदानं काय अडतं हे त्यांना माणसांपेक्षा जास्त कळायचं. ते मला म्हणाले, "ती चौदाच्या आतली वाटत नाही. खांदे बघ तिचे."

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं. तालुका स्पर्धेचा फॉर्म सरांनी माझ्याकडून भरून घेतला होता, कारण माझं अक्षर चांगलं. चौदा वर्षांखालील मुली, बारा नावं, पुढे जन्मतारखा. तिच्या नावापुढे एक जून होती. मी तिला विचारलं होतं, "तुझा वाढदिवस एक जूनला असतो?"

"मास्तर बोलले एक जून, तर एक जून," ती म्हणाली होती. "पहिलीत नाव घातलं तवा लिवली त्यांनी."

"मग खरा कधी?"

"भात लावत होते तवा झाले, आई सांगते. कंच्या साली, ते तिला पण नाय म्हाईत."

हे मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी लगेच तिच्या वयाबद्दल स्पर्धेच्या आयोजकांना तक्रार लिहायला कागद घेतला. तिचं नाव फॉर्मवर कसं लिहिलंय ते त्यांनी विचारलं आणि मी ते काना-मात्रेसकट सांगितलं. अर्जाच्या खाली सही नव्हती. 'एक जागरूक पालक' एवढंच होतं.

स्पर्धा पनवेलमध्येच होती, दुसऱ्या एका शाळेच्या मैदानावर. पहिले दोन सामने आम्ही तिच्या जोरावर जिंकलो. उपान्त्य सामन्याच्या आधी आम्ही हात-पाय मोकळे करत होतो तेव्हा एक पंच कागद घेऊन आले. त्यांनी सरांना बाजूला नेलं, मग तिला बोलावलं. तिला तोंड उघडायला लावून दात बघितले. मैदानाच्या मधोमध, सगळ्या शाळांच्या पोरांसमोर, बैलाचे बघतात तसे.

"वयाचा डॉक्टरचा दाखला आणा," पंच म्हणाले. "तोवर ही खेळणार नाही."

"आत्ता कुठून आणू?" सर ओरडत होते. "शाळेचा दाखला आहे ना!"

"तक्रार आलीय. माझा इलाज नाही."

सरांनी मला रेडला पाठवलं. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. पहिल्या रेडला मी घाबरून हात न लावता परत आले. दुसरीला पकडले गेले. तिसरीलाही. ती दोरीच्या बाहेर उभी होती, आमचाच टी-शर्ट अंगात, आणि आमच्याविरुद्ध गुण लागला की टाळ्या वाजवत होती. हळूहळू, मोठ्यानं. मी पडले की अजून मोठ्यानं. सरांनी तिला गप्प केलं नाही.

आम्ही मोठ्या फरकानं हरलो. सगळ्या जणी चपला शोधत असताना सर माझ्याजवळ आले. तक्रारीच्या अर्जाची झेरॉक्स त्यांनी पंचांकडून मागून घेतली होती. ती त्यांनी माझ्यासमोर धरली.

"हे अक्षर कुणाचं आहे?"

माझ्या रजेच्या, बाबांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या तीन वर्षं सरांकडे जात होत्या. सरांनी परत विचारलं नाही. त्यांनी तो कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला. तिला वाचायला वेळ लागायचा, त्यामुळे आम्ही सगळ्या तिचं वाचून होईपर्यंत उभ्या होतो.

मग ती माझ्यासमोर आली. मला वाटलं आता मारणार. ती माझ्या गुडघ्यांकडे बोट करून म्हणाली, "काढ."

मी दोन्ही नी-पॅड काढून दिले. तिनं ते मैदानामागच्या नाल्यात फेकले. एक पाण्यात पडला, एक काठावर अडकला, म्हणून ती खाली उतरली आणि तोही पायानं ढकलून दिला. कुणी तिला अडवलं नाही. मीही नाही.

सोमवारी मी सरावाला गेले. बचाव करताना शेजारच्या मुलीचा हात धरून साखळी करावी लागते, तेव्हाच रेडर अडकते. माझा हात कुणी धरला नाही. डावीकडची मुलगी हात पाठीमागे घेऊन उभी राहिली, उजवीकडची म्हणाली, "मला घाम येतो." सर बघत होते. चार दिवस मी तशीच सुट्या हातांनी उभी राहिले. पाचव्या दिवशी गेले नाही, आणि मग कधीच गेले नाही. घरी सांगितलं की अभ्यास खूप असतो. बाबा म्हणाले, "बरं झालं. त्या सरांना तसंही काही कळत नाही."

सरांनी तिला सरकारी दवाखान्यात नेऊन दाखला काढला. तो यायला महिना लागला. त्यात लिहिलं होतं की ती चौदाच्या आतली आहे. सरांनी तो वर्गात येऊन मोठ्यानं वाचला, माझ्याकडे न बघता. ती तेव्हा वर्गात नव्हती. दिवाळी झाली होती, दाखल्याविना खेळणं बंद होतं, आणि ती आईवडिलांबरोबर भट्टीवर गेली होती. ती शाळेत परत आली नाही.

त्यानंतर मी बरंच काही सुरू केलं आणि सोडलं. कॉलेजात बॅडमिंटन, एक उन्हाळा पोहणं, ऑफिसात लागल्यावर सकाळचं धावणं. कुठेही दुसरी कुणी माझ्यापेक्षा बरी निघाली की माझ्या आत काहीतरी वाईट हलायचं आणि मी तिथून निघायचे. टीव्हीवर कबड्डीची लीग सुरू झाली तसं घरात रोज संध्याकाळी तेच. बाबा सोफ्यावर बसून रेडरना शिव्या घालायचे. "तू सोडली नसतीस तर," असं त्यांनी एकदा म्हटलं, आणि मी ताट तसंच ठेवून आत गेले.

मागच्या वर्षी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला तिच्या माहेरच्या गावी नेलं. मोरा बंदराकडचं गाव, तिथं दरवर्षी कबड्डीचे सामने होतात. दुपारी बायकांचा सामना होता. संघ मैदानात आला आणि मी तिला चालण्यावरून ओळखलं. रुंद झाली होती, केस बारीक कापलेले, हाताच्या कोपराला पट्टी. घाई न करता रेडला जायची ती सवय तशीच.

मध्यंतरात मी दोरीखालून आत गेले. ती पाणी पीत होती. मी माझं नाव सांगितलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"तुझा दाखला आला होता नंतर. तू चौदाच्या आतच होतीस."

"साल नसंल म्हाईत, पन चौदाची नव्हते ते मना म्हाईत होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कोनाला बोलू? तुझ्या बापाला?" तिनं चूळ भरून थुंकलं. "आता काय पायजे तुला?"

मी माफी मागायला आले आहे असं काहीतरी म्हणाले. वाक्य धड पूर्णही झालं नाही.

"माफी घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "भट्टीवर तीन वर्षं मी मातीच तुडवली. वहिनीच्या गावात बायांचा संघ होता म्हनून परत खेळाया लागले. तुझ्यामुळं नाय, सरांमुळं नाय. समजलं? आता भायेर हो. पोरींना गरम होयाचं हाय."

मी बाहेर आले. दुसऱ्या डावात तिनं एका रेडमध्ये तिघींना बाद केलं. माईकवरचा माणूस तिच्या जाडेपणावर विनोद करत होता आणि पुरुष हसत होते. माझ्या शेजारी एक बाई लहान मूल घेऊन उभी होती. तिनं मला दोरीच्या आत जाताना बघितलं होतं.

"तुमच्या ओळखीची काय ती?"

"एका शाळेत होतो," मी म्हणाले. मग का कोण जाणे, पुढचंही सांगितलं. "आम्ही तिच्याविरुद्ध तक्रार केली होती. तिची शाळा सुटली."

बाईनं माझ्याकडे नीट बघितलं, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चार माणसं सोडून पलीकडे जाऊन उभी राहिली.

तिचा संघ तीन गुणांनी जिंकला. सगळ्या बाया एकमेकींच्या अंगावर पडून ओरडत होत्या, ती त्यांच्या खाली कुठेतरी होती. मी मैत्रिणीला म्हटलं, निघू या.

घरी आले तेव्हा बाबा जेवून टीव्हीसमोर बसले होते. मी म्हटलं, "आज ती भेटली."

"कोण?"

"शाळेतली. जिच्यावर तुम्ही अर्ज केला होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कपाळावर आठ्या घालून खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होते. मी बघत राहिले. ते सोंग नव्हतं.

"कुठला अर्ज?" ते म्हणाले. "मी आयुष्यात शंभर अर्ज लिहिले असतील, बाळा."